जनुकीय फेरफार : हरकत तंत्राला आहे की आणखी कशाला?

अनाहूत (धागाकर्ता)

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राने केलेल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले. त्याच्या बरोबर पाच वर्षे आधी ‘हे जियानकुई’ नावाच्या चिनी संशोधकाने त्याच तंत्राने भ्रूणांत बदल केल्याचे आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले होते. त्या वेळी त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि २०१९च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली. दोन्हीकडे हत्यार एकच होते. मग आपली हरकत नेमकी कशाला असते? "निसर्गात ढवळाढवळ" हे उत्तर मला पटत नाही, कारण ती तर दोन्हीकडे आहे. जाणकारांनी आधी मूळ तंत्र समजावून सांगावे आणि मग कोणत्या कसोटीवर एखादा वापर योग्य किंवा अयोग्य ठरवावा, याबद्दल लिहावे, अशी विनंती आहे.

---

पेशीवाचक

आधी तंत्राबद्दल लिहितो. डीएनए ही चार रासायनिक अक्षरांची साखळी असते. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि त्यांत प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. तीन अक्षरांचा एक संकेत, एका संकेताला एक अमिनो आम्ल आणि अमिनो आम्लांची ठरावीक क्रमाने जुळलेली ओळ म्हणजे प्रथिन, असा हा व्यवहार आहे. हा संकेतकोश जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सारखाच असल्यामुळे माणसाचे जनुक जिवाणूत घातले तरी त्याला ते वाचता येते. सगळ्या जनुकीय अभियांत्रिकीचा पाया हाच आहे.

कापण्याचे साधन आपण जिवाणूंकडूनच उचलले. विषाणूंचा शिरकाव झाला की त्यांचा डीएनए ठरावीक जागी तोडणारी विकरे (एन्झाइम) जिवाणूंकडे असतात. त्यांच्या शोधासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नाथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ साली नोबेल मिळाले. तोडलेले तुकडे जोडणारी विकरे वेगळी असतात. जिवाणूच्या पेशीत मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळे असतात. ती उघडायची, हवे ते जनुक त्यात बसवायचे आणि पुन्हा जिवाणूत सोडायची. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३मध्ये हे करून दाखवले.

पहिले मोठे फळ म्हणजे इन्सुलिन. त्याआधी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढत असत. मानवी इन्सुलिनपेक्षा डुकराचे इन्सुलिन एका अमिनो आम्लाने वेगळे असते आणि गाईचे तीनने. १९७८मध्ये मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या, एक २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३०ची, ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंकडून वेगवेगळ्या तयार करून घेऊन मग एकत्र जोडण्यात आल्या. इतके छोटे प्रथिन जिवाणू स्वतःच मोडून टाकतो, म्हणून प्रत्येक साखळी जिवाणूच्या एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडली आणि सांध्यावर मेथिओनीन हे अमिनो आम्ल ठेवले. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन साखळी मेथिओनीनपाशीच तोडते आणि मानवी इन्सुलिनमध्ये मेथिओनीन कोठेच नाही, त्यामुळे सांधा तुटतो पण इन्सुलिन अखंड बाहेर पडते. ही युक्ती मला आजही थक्क करते. १९८२मध्ये हे इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले.

---

शंकासुर

म्हणजे ज्या ई. कोलायच्या नावाने पोट धरून बसायचे, त्याच्याकडूनच औषध करून घ्यायचे. खंडणीखोराला कोषाध्यक्ष नेमण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग असावा.

---

पेशीवाचक

@शंकासुर, बिचाऱ्याची नाहक बदनामी होते आहे. ई. कोलायचे बहुतेक प्रकार आतड्यात निमूटपणे राहतात. प्रयोगशाळेत वापरला जाणारा के-१२ हा प्रकार इतकी वर्षे पोषक द्रवावर वाढला आहे की माणसाच्या आतड्यात त्याला नीट मूळ धरता येत नाही.

---

काटेकोर

वरच्या प्रतिसादात भर घालतो, कारण मूळ प्रश्न क्रिस्परचा आहे. जुन्या पद्धतीत नवे जनुक पेशीत जाई खरे, पण ते नेमके कोठे बसेल यावर फारसा ताबा नसे. फ्रान्समध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर विषाणूच्या साहाय्याने जनुकोपचार झाले, तेव्हा हीच गोष्ट भोवली. बहुतेक मुले सुधारली, पण नवे जनुक पेशींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसल्यामुळे त्यांतील काहींना रक्ताचा कर्करोग झाला.

क्रिस्परमध्ये कॅस-९ हे कापणारे प्रथिन असते आणि त्याला वाट दाखवणारा आरएनए या डीएनएसारख्या रेणूचा तुकडा असतो. या तुकड्यातील सुमारे २० अक्षरे ज्या जागेशी जुळतात, तेथे कॅस-९ डीएनएचे दोन्ही पदर तोडते. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२मध्ये हे दाखवले आणि २०२०मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रिस्पर फक्त तोडते. तुटलेले जोडण्याचे काम पेशी स्वतःच्या पद्धतीने करते आणि त्यात बहुधा एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे घुसते. त्यामुळे एखादे जनुक बंद पाडणे सोपे असते, तर चुकलेले अक्षर अचूक दुरुस्त करणे बरेच अवघड असते.

सिकलसेलच्या मंजूर उपचारात हीच मर्यादा हुशारीने वापरली आहे. या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातील एक अक्षर बदललेले असते, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते आणि तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. उपचारात त्या चुकलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणारे बीसीएल-११-ए नावाचे जनुक आहे. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशींत त्याचा जोर काढून घेतात, म्हणजे गर्भावस्थेतील निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

याउलट २०१८च्या जुळ्या मुलींमध्ये सीसीआर-५ हे जनुक मोडले, जेणेकरून त्यांना एचआयव्हीची बाधा होऊ नये. वडील बाधित होते, आई नव्हती. अशा जोडप्यांसाठी शुक्रजंतू धुऊन गर्भधारणा घडवण्याची सुरक्षित पद्धत आधीपासून प्रचलित आहे, म्हणजे ज्या धोक्यासाठी हा खटाटोप केला, तो टाळण्याचा साधा मार्ग हाताशी होता. शिवाय निसर्गतः आढळणारा जो बदल एचआयव्हीपासून संरक्षण देतो, तो या मुलींमध्ये झालाच नाही. झाले ते वेगळेच, आजवर कोणात न पाहिलेले बदल होते. तेव्हा धागाकर्त्यांनी म्हटले तसे हत्यार एकच होते, पण एका ठिकाणी गरज होती, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती.

---

मितभाषी

काटेकोर यांच्याशी सहमत. पण "गरज" कोण ठरवणार?

---

दीर्घसूत्री

मितभाषी यांचा प्रश्न छोटा दिसतो, पण माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. त्यासाठी भ्रूणांपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. वाढीच्या संप्रेरकाचा इतिहास पाहिला तरी पुरे.

ज्या मुलांच्या पियुषिका ग्रंथीत हे संप्रेरक तयार होत नाही, त्यांची उंची खुंटते. गुरांचे किंवा डुकरांचे संप्रेरक माणसाला लागू पडत नाही, म्हणून ते मृत व्यक्तींच्या मेंदूतील ग्रंथींतून काढावे लागे आणि एका मुलाच्या उपचारासाठी अनेक मृतदेहांतील ग्रंथी लागत. १९८५मध्ये लक्षात आले की या मार्गाने घातक मेंदूरोग संक्रमित झाला आहे आणि हे संप्रेरक घेतलेल्या काही तरुणांचा त्याने मृत्यू झाला आहे. अमेरिकेत तो पुरवठा तातडीने थांबवण्यात आला आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. जनुकीय अभियांत्रिकीच्या बाजूने याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे.

परंतु पुढचा भाग असा की पुरवठ्याची चणचण संपताच मागणीचे रूप पालटले. मृतदेहांवर अवलंबून असताना प्रत्येक मात्रा खऱ्या रुग्णासाठी राखून ठेवावी लागे. आता हवे तितके संप्रेरक मिळू लागल्यावर, ज्यांच्यात त्याची कोणतीही कमतरता नाही, पण जी वयाच्या मानाने फार बुटकी आहेत, अशा मुलांसाठी ते मागितले जाऊ लागले. २००३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा निरोगी पण अतिशय बुटक्या मुलांसाठीही त्याला परवानगी दिली. कोणत्याही एका दिवशी कोणी म्हटले नाही की आजपासून आपण रोग सोडून उंचीवर उपचार करू. सीमा हळूहळू सरकली आणि ती सरकवणारे पालक, डॉक्टर व कंपन्या हे सगळे आपापल्या परीने सद्‌हेतूनेच वागत होते.

शिवाय उंची ही इतरांच्या तुलनेत ठरणारी गोष्ट आहे. सगळ्यांची उंची चार बोटे वाढली तर कोणालाच फायदा होत नाही आणि छायाचित्रात पुढच्या रांगेत कोणाला बसवायचे हा प्रश्नही तसाच राहतो.

---

रानपाखरू

आतापर्यंत चर्चा औषधांवरच आहे. बहुसंख्य लोकांच्या मनात जनुकीय फेरफार म्हटले की पिके येतात, त्यामुळे तो भाग सुटू नये.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या मातीतील जिवाणूत असे प्रथिन असते, जे अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून तेथील पेशींना भोके पाडते. माणसाच्या जठरातील वातावरण आम्लधर्मी असते आणि त्या प्रथिनाला चिकटण्याजोगे ग्राहक आपल्या आतड्यात नसतात. हाच जिवाणू सेंद्रिय शेतीतही फवारतात. त्याचे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच ते प्रथिन तयार करते. भारतात अशा कपाशीला (जिवाणूच्या नावावरून ‘बीटी’) २००२मध्ये परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळ्यांवरच्या फवारण्या कमी झाल्या, परंतु पुढे शेंदरी बोंडअळी या प्रथिनांना दाद देईनाशी झाली आणि दोन जनुकांच्या वाणांवरही ती जगू लागली.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तीच अळी आणि तशीच बीटी कपाशी होती. तेथे शेजारी बिगर-बीटी कपाशीचा पट्टा ठेवण्याचा नियम कसोशीने पाळला, जेणेकरून बीटी न खाल्लेले पतंग शिल्लक राहावेत आणि प्रतिकारक पतंगांची वीण आपसांतच होऊ नये. पुढे वंध्य केलेले पतंग प्रचंड संख्येने सोडले. २०१८मध्ये अमेरिकेने या अळीचे कपाशीतून निर्मूलन झाल्याचे घोषित केले. जनुक तेच असूनही एकीकडे अळी संपली आणि दुसरीकडे ती शिरजोर झाली. तेव्हा "बीटी चांगले की वाईट" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

---

स्पष्टवक्ता

रानपाखरू, उदाहरण चांगले आहे, पण त्यातून तुम्ही दोष शेतकऱ्यावर ढकलता आहात, असे वाटते. ज्याच्याकडे जेमतेम दोन-तीन एकर आहेत, त्याने त्यातील पट्टा अळीसाठी राखून ठेवावा, ही अपेक्षा कागदावरच शोभते. शिवाय हे तंत्र मूठभर कंपन्यांच्या हाती आहे. दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते, कारण त्यात उगवणच होऊ नये असे जनुक घातलेले असते.

---

रानपाखरू

@स्पष्टवक्ता, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. नियम पाळणे शक्यच नसेल, तर तो नियम करणाऱ्याची चूक असते आणि माझा रोख तंत्राच्या मांडणीवर होता, शेतकऱ्यावर नव्हता. दुसरा मुद्दा मात्र दुरुस्त करायला हवा. उगवण रोखणाऱ्या जनुकाचे पेटंट १९९८मध्ये दिले गेले हे खरे, पण ते बियाणे बाजारात कधीच आले नाही. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांत आली आणि संकरित बियाणे पुढच्या पिढीत सारखे उतरत नाही, म्हणून ते दरवर्षी घ्यावे लागते. ही गोष्ट जनुकीय फेरफार न केलेल्या संकरित वाणालाही तितकीच लागू आहे.

मक्तेदारीची चिंता मात्र खरी आहे आणि तिचे मूळ न्यायालयात सापडते. आनंद चक्रवर्ती यांनी तेलातील घटक पचवणारा जिवाणू विकसित केला होता. त्याच्या पेटंटचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने मान्य केला. माणसाने घडवलेला सजीव पेटंटयोग्य ठरला तो तेथे. निसर्गात आहे तसे मानवी जनुक नुसते वेगळे काढले म्हणून त्याचे पेटंट मिळणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०१३मध्ये एकमताने सांगितले. या दोन निकालांच्या मध्ये ३३ वर्षे गेली.

---

मागोवा

"कोण ठरवणार" या मितभाषी यांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो या शास्त्राच्या बालपणापासूनचा आहे. पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये काही प्रकारचे प्रयोग तूर्त थांबवावेत असे जाहीर आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जणांची परिषद झाली. धोक्याच्या पातळीनुसार प्रयोगशाळांचे बंदोबस्त ठरले आणि बाहेर जगू न शकणारे दुबळे जिवाणू वापरण्याचे ठरले. शास्त्रज्ञांनी स्वतःहून स्वतःला लगाम घातल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणून त्याचे नेहमी कौतुक होते.

मला मात्र पुढच्या वर्षी घडलेली घटना अधिक महत्त्वाची वाटते. असिलोमारला जमलेले बहुतेक शास्त्रज्ञच होते आणि चर्चा सुरक्षिततेपुरती मर्यादित होती. १९७६मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराच्या नगरपरिषदेने आपल्या हद्दीतील विद्यापीठांत असे प्रयोग तात्पुरते रोखले आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. या समितीत जनुकशास्त्राचे तज्ज्ञ नव्हते. त्यांनी दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना तासन्‌तास प्रश्न विचारले आणि शेवटी जादा अटी घालून प्रयोगांना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. सामान्य माणसाला यातले काय कळते, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दाखला जरूर लक्षात घ्यावा.

---

शंकासुर

तज्ज्ञ नसलेल्यांची समिती नेमली आणि तिने अभ्यास करून निर्णय घेतला, हे वाचून जनुकीय फेरफारापेक्षाही जास्त अचंबा वाटला.

---

संवेदना

संमतीचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. १९९९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला. त्याला यकृताचा आनुवंशिक आजार होता, पण तो आहार आणि औषधांनी आटोक्यात होता. जनुक पोचवण्यासाठी वापरलेल्या विषाणूला त्याच्या शरीराने इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली की चार दिवसांत सारे संपले. नंतरच्या चौकशीत दिसले की माकडांवरील प्रयोगांत आढळलेले गंभीर दुष्परिणाम संमतिपत्रात नव्हते आणि प्रमुख संशोधकाचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. त्याची सही होती, पण जे सांगितलेच नाही त्याला संमती कशी म्हणावी?

भ्रूणातील बदलांमध्ये ही अडचण आणखी खोल जाते. तेथे बदल शरीराच्या सगळ्या पेशींत, अगदी बीजपेशींतही होऊ शकतो, म्हणजे तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. ज्यांच्यावर परिणाम होणार ते अजून जन्मलेलेच नसतात. पालक मुलांच्या वतीने अनेक निर्णय घेतातच, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण लस किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय त्या मुलापाशी थांबतो, हा थांबत नाही.

आणखी एक. अपंगत्वासह जगणाऱ्या अनेकांना "दोष काढून टाकू" ही भाषा बोचते आणि त्यांच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. १९२७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने "अयोग्य" ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली होती. तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती आणि तरीही सगळे विज्ञानाच्या नावाने चालले होते.

---

काटेकोर

संवेदना यांचा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. त्याला एक व्यावहारिक जोड देतो. आनुवंशिक आजार टाळू पाहणाऱ्या जवळजवळ सर्व जोडप्यांना भ्रूणात फेरफार करण्याची गरजच नसते. प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांची तपासणी करून बाधित नसलेला भ्रूण निवडता येतो. दोन्ही पालकांकडे एकाच अप्रभावी (म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्यासच होणाऱ्या) आजाराच्या जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती असतील, तर मात्र निवडायला निर्दोष भ्रूणच नसतो. अशी जोडपी अत्यंत थोडी असतात. त्यांच्यासाठी दार किलकिले ठेवायचे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण भ्रूण निवडणे हेही कोणी जन्मावे हे ठरवणेच आहे आणि संवेदना यांचा शेवटचा आक्षेप त्यालाही लागू पडतो, हे मला मान्य आहे.

---

हिशेबनीस

सगळे तत्त्वज्ञान मान्य, पण पैशांचे काय? सिकलसेलच्या त्या उपचाराची अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. या आजाराचे सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत आणि तेथील बहुसंख्यांच्या वाट्याला साध्या औषधांचे नियमित उपचारही येत नाहीत. ज्या रोगाने गरिबांना सर्वाधिक गाठले, त्यावरचा उपाय फक्त श्रीमंत देशांत मिळणे, हा नैतिक प्रश्न नाही का? श्रीमंतांची "सुधारित" मुले कधीतरी जन्मतील या भीतीवर आपण रकाने भरतो आणि आज डोळ्यांसमोर असलेल्या विषमतेवर एक ओळ लिहितो.

---

पेशीवाचक

हिशेबनीस यांचे म्हणणे रास्त आहे. किमतीबरोबर उपचाराचे स्वरूपही पाहावे. रुग्णाच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात. त्या परत देण्याआधी जुनी अस्थिमज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करावी लागते. रुग्ण काही आठवडे रुग्णालयात राहतो आणि त्याची प्रजननक्षमता जाण्याचा धोका असतो. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचे पुरेसे निरीक्षण झाले होते, त्यांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र वेदनांचा झटका आला नव्हता, हे यश मोठेच आहे. पण उद्या औषध फुकट वाटले, तरी ते देऊ शकणारी रुग्णालये लागतीलच. म्हणूनच शरीराबाहेर पेशी न काढता थेट टोचून देता येईल असे रूप शोधण्यावर सध्या भर आहे.

---

अनाहूत (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. "तंत्र एक, मते दोन का" याचे उत्तर मला आता बरेचसे मिळाले आहे. इन्सुलिन, कपाशी, सिकलसेल आणि त्या जुळ्या मुली यांना एकाच तराजूत घालणेच चुकीचे आहे. दुसरा सोपा उपाय होता का, परिणाम भोगणाऱ्याला विचारले होते का, फसल्यास मागे फिरता येते का आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर देतात. दीर्घसूत्री यांनी दाखवलेली सरकती सीमा मात्र यांपैकी एकाही प्रश्नाने अडत नाही, ही माझी अस्वस्थता कायम आहे.

एक शंका उरली. सिकलसेलचा हा उपचार घेतलेल्या व्यक्तीला पुढे मूल झाले, तर ते मूल या आजारापासून मुक्त असेल का?

---

काटेकोर

त्याची हमी नाही. बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींत होतो, बीजपेशी जशाच्या तशा राहतात. शिवाय हिमोग्लोबिनचे सदोष जनुक त्या मूलपेशींतही दुरुस्त केलेले नसते, ते केवळ निष्प्रभ ठरते. त्यामुळे उपचार घेतलेल्या व्यक्तीकडून, तिच्यात त्या जनुकाच्या दोन सदोष प्रती असतील तर, प्रत्येक मुलाला एक सदोष प्रत मिळणारच. जोडीदाराकडे सदोष प्रत नसेल तर मूल केवळ वाहक होईल. जोडीदार स्वतः वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी राहील. म्हणून उपचारानंतरही जोडीदाराची रक्ततपासणी करून घ्यावी लागते.